विकायचं त्यांनी, निस्तरायचं बायकांनी

जाहिरातवाले बाईला दोन गोष्टी विकतात. आधी मोकळेपणा, मग अपराधीपणा. सॅनिटरी पॅडच्या बाबतीत हे दोन्ही सौदे इतके बेमालूम झालेत, की त्यात एक साधा प्रश्न हरवून गेला: वापरलेल्या पॅडचं करायचं काय, आणि कुणी?

पहिली जाहिरात आपण लहानपणापासून पाहत आलोय. काचेच्या नळीतून निळं पाणी ओततात, ते पॅडमध्ये गडप होतं आणि पांढरी पँट घातलेली मुलगी उड्या मारायला लागते. दुसरी जाहिरात गेल्या काही वर्षांतली, मोबाइलवर जास्त दिसणारी. तिच्यात निळं पाणी नाही. मातकट रंगाचं पाकीट, बांबूची पानं, शांत संगीत, आणि ‘पृथ्वीची काळजी घेणारी तू’ अशा अर्थाचं एखादं वाक्य. किंमत नेहमीच्या पॅडपेक्षा बरीच जास्त. पहिल्या पॅडमध्ये प्लास्टिक आहे हे पहिल्या जाहिरातीनं कधीच सांगितलं नाही. दुसरी मात्र असं बोलते, जणू ते प्लास्टिक तुम्हीच हौसेनं घालून घेतलं होतं आणि आता प्रायश्चित्त म्हणून जास्तीचे पैसे मोजायला हवेत.

मला या प्रायश्चित्ताचा राग येतो. पॅडचा कचरा हा बाईच्या सवयीचा प्रश्नच नाही. तो वस्तू कशी बनवली आहे याचा प्रश्न आहे. ज्यानं ती तशी बनवली आणि विकून नफा घेतला, निस्तरण्याची जबाबदारी त्याची.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, पुण्यात नोकरी करते. ग्राहकांचे गट पाडणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं रोजचं काम. कोण काय बघतं, कशावर थांबतं, कोणत्या शब्दावर बोट जातं, यावरून माणसाला एका कप्प्यात टाकायचं आणि त्या कप्प्यासाठी तयार असलेली जाहिरात त्याच्यापुढे ठेवायची. या कामात एक गोष्ट सतत दिसते. ‘इको’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’ असे शब्द जिथे तिथे चिकटलेले असतात, त्या वस्तू बहुतेक बाईच्या कप्प्यातल्या: भांडी घासायचं लिक्विड, बाळाचं डायपर, शाम्पू, पॅड. टायर, सिमेंट, इंजिन ऑइल विकताना पुरुषाच्या सदसद्विवेकबुद्धीला कुणी हात घालत नाही. त्याला ताकद विकतात, मायलेज विकतात. पृथ्वी वाचवायचं काम, घर आवरायच्या कामासारखंच, न बोलता बाईच्या नावावर लागलेलं असतं.

माझं गाव पुणतांबा. राहाता तालुका, गोदावरीचा काठ, चांगदेवांची समाधी, उसाचा पट्टा. गावातल्या मेडिकलमध्ये पॅड मिळतात, किराणा दुकानातही मिळतात. अजूनही वर्तमानपत्रात गुंडाळून किंवा काळ्या पिशवीत घालून देतात, ही वेगळी गोष्ट. पण मिळतात, आणि ते चांगलंच आहे. आठ पॅडचं पाकीट कारखान्यातून डेपोत, तिथून डिस्ट्रिब्युटरकडे, तिथून टेम्पोनं तालुक्यात आणि गावातल्या दुकानाच्या फळीवर येतं. ही सगळी साखळी कुणीतरी डोकं लावून, पैसे घालून उभी केली आहे. त्या पाकिटाची परतीची वाट मात्र कुणीच आखलेली नाही.

मग ती वाट बायका आखतात. मी काकूला एकदा विचारलं, तू काय करतेस? ती म्हणाली, “बंबात टाकायचं, पहाटं. कुणी उठायच्या आत. वासानं डोकं उठतं, पण दुसरं कुठं टाकणार? उकिरड्यावर टाकलं तर कुत्री उकरतात, सगळ्या गल्लीत शोभा.” ज्यांच्याकडे बंब नाही त्या शेताच्या बांधाशी खड्डा करतात. काही जणी पिशवीला गाठ मारून चारीच्या पाण्यात सोडतात. आणि शहरातल्या ऑफिसात बसून आपण यालाच ‘ग्रामीण भागातली जागरूकतेची कमतरता’ म्हणतो. काकूला सगळं कळतं. धूर वाईट हे तिला कळतं, पाण्यात सोडणं वाईट हेही कळतं. तिच्यापुढे तिसरा पर्याय कुणी ठेवलेलाच नाही.

ती बंबात काय जाळते तेही पाहू. बाजारातल्या नेहमीच्या पॅडचा वरचा थर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीनचा, खालचा न गळणारा थर पॉलिइथिलीनचा. मध्ये लाकडाचा लगदा आणि त्यात पाणी धरून ठेवणारी बारीक पूड, म्हणजे सोडियम पॉलिअॅक्रिलेट. तीही खनिज तेलापासूनच येते. वर गोंद, गुळगुळीत कागद आणि प्रत्येक पॅडला वेगळं प्लास्टिकचं वेष्टन. हे सगळं पाणी तापवायच्या जाळावर अर्धवट जळतं. दवाखान्यांतला कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यात साधारण 1050 अंश तापमान ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. कमी तापमानाला प्लास्टिक जळलं की डायॉक्सिनसारखे विषारी वायू तयार होऊ शकतात, म्हणून. तांब्याच्या बंबाला आणि अंगणातल्या जाळाला हा नियम कुणी लावायचा?

शहरात धूर दिसत नाही, कारण तिथे हे काम दुसऱ्या बायका करतात. पुण्यात कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी 1993 साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली, जी महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. तिच्या सभासदांत बहुसंख्य बायका आहेत, त्याही मुख्यतः दलित समाजातल्या. आपण जे ‘सुक्या कचऱ्यात’ टाकतो ते त्यांना हातानं निवडावं लागतं. वापरलेले पॅडही त्यातच. या बायकांनीच लोकांना सांगायला सुरुवात केली, की पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे निदान आमचा हात कशावर पडतोय ते कळेल. पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. 2013 मध्ये महिला दिनाच्या सुमारास त्यांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या थेट मोठ्या उत्पादक कंपन्यांना पाठवून दिल्या. माल तुमचा, घ्या परत. 2011 च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत उत्पादकाची जबाबदारी लिहिलेली होती. तिचीच त्या आठवण करून देत होत्या.

मला वाटतं, पॅडच्या व्यवसायावर मराठी मुलखात याहून नेमकी टीका कुणी केलेली नाही. ना व्याख्यान, ना हॅशटॅग. एक पिशवी आणि तिच्यावर कंपनीचा पत्ता.

पुढे काय झालं? 2014 मध्ये व्हिस्परनं ‘टच द पिकल’ ही मोहीम काढली. पाळीत लोणच्याला हात लावायचा नाही, ही रूढी मोडा असं ती सांगत होती. 2015 मध्ये कान महोत्सवात तिला ग्लास लायन गटातलं ग्रां प्री मिळालं. रूढी मोडायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण क्रम बघा. बायकांनी कचऱ्याचा हिशोब मागितला, आणि उद्योगानं उत्तर दिलं ते लोणच्याचं. लोणच्याची रूढी मोडायला कंपनीला पॅडमधला एकही थर बदलावा लागत नाही. कचऱ्याचा प्रश्न सोडवायचा तर कारखाना बदलावा लागतो.

कायद्यानं तरी काय केलं? 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतला 17 वा नियम मी दोनतीनदा वाचला. त्यात म्हटलं होतं, की पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांनी आपल्या उत्पादनात पूर्णपणे पुनर्वापरयोग्य साहित्य वापरता येईल का याची शक्यता पडताळावी, किंवा प्रत्येक पॅड गुंडाळून टाकण्यासाठी पाकिटासोबत पिशवी द्यावी. कोड लिहिणाऱ्या माणसाला हा ‘किंवा’ लगेच खुपतो. दोन अटींमध्ये ‘किंवा’ असेल तर सोपी अट पूर्ण केली की काम संपलं. अवघड अटीकडे प्रोग्रॅम फिरकतही नाही. आणि ती अवघड अटसुद्धा ‘शक्यता पडताळा’ एवढीच. पडताळली, नाही जमत, विषय संपला. वर जी पिशवी द्यायची तीही पुन्हा प्लास्टिकची. आणि त्याच नियमांनी बाईला काय सांगितलं? पॅड नीट गुंडाळा आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाका. म्हणजे निवडायला पुन्हा तोच हात.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. 2022 मध्ये केंद्र सरकारनं प्लास्टिक वेष्टनांसाठी उत्पादकाच्या जबाबदारीची सविस्तर चौकट आणली. बाजारात जितकं वेष्टन आणाल, त्याच्या हिशोबानं तितकं गोळा करून प्रक्रिया करवून घ्या. छान. पण ही चौकट वेष्टनाची आहे. म्हणजे पॅडच्या पाकिटाचं प्लास्टिक कंपनीच्या खात्यावर, आणि पाकिटाच्या आतल्या पॅडचं प्लास्टिक माझ्या खात्यावर. टरफलाचा हिशोब आहे, शेंगदाण्याचा नाही.

दरम्यान पॅड घरोघर पोचावेत म्हणून सरकारही जोर लावत होतं. 8 मार्च 2018 ला महाराष्ट्रात ‘अस्मिता योजना’ सुरू झाली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅड पाच रुपयांत, विक्री बचत गटांकडून. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा 12 टक्के जीएसटी शून्य झाला. दोन्ही निर्णय हवेच होते. पण राज्यानं महसूल सोडला, बचत गटांनी पायपीट केली, मुलींनी लाज सोडून पॅड मागितले, आणि कचऱ्याच्या बाबतीत उद्योगानं मात्र आपली जागा सोडली नाही.

आता कापडाबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 15 ते 24 वयाच्या मुलींपैकी 64 टक्के जणींनी पॅड वापरत असल्याचं सांगितलं, आणि 50 टक्के जणींनी कापड. बेरीज शंभराच्या वर जाते, कारण अनेक जणी दोन्ही वापरतात. पण हे सर्वेक्षण ‘आरोग्यदायी पद्धती’ मोजतं तेव्हा त्यात पॅड, टॅम्पॉन, कप धरतं, कापड नाही. धुतलेलं, उन्हात वाळवलेलं कापडही नाही. एखादी मुलगी स्वच्छ घडी वापरत असली तरी केवळ ती कापडाची म्हणून तिची गणती दुसऱ्या बाजूला. बाजाराला याहून चांगला जाहिरातदार मिळाला नसता. आणि गंमत म्हणजे तेच कापड ‘रीयूजेबल ऑरगॅनिक पॅड’ झालं, मातकट डबीत बसलं, की शहरात पर्यावरणाचं प्रतीक ठरतं. काकूनं वापरलं की मागासलेपण, मी ऑनलाइन मागवलं की जीवनशैली.

मी कापडाचं गुणगान करत नाहीये. आईच्या पिढीनं ओल्या घड्या दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवल्या. ऊन नाही, पुरेसं पाणी नाही, मधल्या सुट्टीत बदलायला शाळेत जागा नाही. पॅडनं त्यातून सोडवलं, हे खरं आहे. मीही पॅडच वापरत इंजिनीअरिंग केलं. मासिक पाळीचा कप ज्यांना जमतो त्यांच्यासाठी उत्तम आहे, पण तो उकळायला घरात एकांत लागतो, आणि लग्नाआधी तो वापरायचा म्हटलं की घरात काय चर्चा होते ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून कुणी कोणता पर्याय निवडावा हा माझा मुद्दाच नाही. तो जिचा तिचा निर्णय. माझा मुद्दा एवढाच, की या निर्णयावर पृथ्वीचं भवितव्य टांगून बाईला घाबरवणं बंद करा.

हा डाव जुना आहे. अमेरिकेत 1953 साली डबे, बाटल्या आणि पेयं बनवणाऱ्या कंपन्यांनी पुढाकार घेऊन ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’ नावाची संस्था काढली. 1971 साली तिची एक जाहिरात खूप गाजली. रस्त्यावर फेकलेला कचरा पाहून एका मूलनिवासी माणसाच्या डोळ्यातून अश्रू ओघळतो. संदेश असा, की प्रदूषण माणसं करतात, माणसांनीच थांबवावं. त्याच वर्षी ऑरेगन राज्यानं रिकामी बाटली परत दिली की पैसे परत मिळतील असा कायदा केला, आणि अशा कायद्यांना पेय-उद्योगानं पुढे कडाडून विरोध केला. अश्रू ढाळायला तयार, बाटली परत घ्यायला नाही. आपल्याकडच्या बांबूच्या पानांच्या जाहिराती याच घराण्यातल्या.

आमच्या भागातलं उदाहरण घ्या, ते जास्त सोपं आहे. साखर पट्ट्यात मळीपासून अल्कोहोल बनवणाऱ्या आसवन्या आहेत. त्यांचं काळं सांडपाणी किती घातक असतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते बाहेर सोडू नका, प्रक्रिया करा असं आसवनीला सांगितलं जातं. नियम पाळले जातात की नाही यावर भांडणं होतात, तक्रारी होतात. पण ओढ्याचं पाणी काळं झालं म्हणून गावातल्या बायकांना ‘मळीबाबत जागरूक व्हा’ असं शिबिर कुणी घेतल्याचं ऐकलं आहे? सांडपाणी कुणाचं, हे तिथे स्पष्ट असतं. पॅडच्या बाबतीतच ते धूसर का? कारण पाळीबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही. ज्या गोष्टीची लाज वाटते तिचा हिशोब कुणी मागत नाही. लाजेचा सगळ्यात मोठा फायदा उद्योगाला झालाय.

आता आक्षेप. पहिला: कंपन्यांवर जबाबदारी टाकली तर पॅड महाग होतील, गरीब मुलींचं काय? हा प्रश्न मला पुणतांब्याची म्हणून ओळखीचा वाटतो. 1 जून 2017 ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तो माझ्या गावातून. दूध आणि भाजीपाला शहरात पाठवायचा नाही, असं शेतकऱ्यांनी ठरवलं होतं. तेव्हाही हेच विचारलं गेलं: भाव वाढले तर गरिबानं काय खायचं? शेतकऱ्याचं म्हणणं साधं होतं. तुम्हाला जे स्वस्त मिळतं त्याची उरलेली किंमत मी भरतोय. पॅडचंही तेच. आजच्या किमतीत विल्हेवाटीचा खर्च धरलेला नाही, पण तो खर्च नाहीसा झालेला नाही. काकूचे डोळे तो भरतात, ‘स्वच्छ’च्या बाईचे हात भरतात, चारीचं पाणी भरतं. गरीब मुलीला स्वस्त पॅड हवे असतील तर सरकारनं थेट अनुदान द्यावं. तो मार्ग अस्मितासारख्या योजनांनी दाखवलेला आहे. गरीब मुलीच्या आडून नफा वाचवू नये.

दुसरा आक्षेप: हे तंत्रज्ञानानं शक्यच नाही. पुण्यातच पॅडकेअर लॅब्ज या कंपनीनं वापरलेल्या पॅडमधलं प्लास्टिक आणि लगदा वेगळे करून पुन्हा वापरात आणायची यंत्रणा उभी केली आहे. ती प्रत्येक गावात उद्याच पोचेल असं नाही. पण गॅसचं रिकामं सिलिंडर गावातून परत जातं, दुधाचे रिकामे कॅन परत जातात, बॅटरी आणि ई-कचऱ्यासाठी उत्पादकाची जबाबदारी कायद्यात आहे. आपल्याला उलटी साखळी उभारता येत नाही असं नाही. ज्या मालात ‘बाईचा कचरा’ आहे तिथे ती उभारायची इच्छा नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात धोकादायक वाटतो: ‘कंपन्या आता बदलतायत, बायोडिग्रेडेबल पॅड आले ना.’ आले. पण त्या शब्दाचा अर्थ विचारा. कंपोस्ट होणारं प्लास्टिक सहसा औद्योगिक कंपोस्ट केंद्रातल्या ठरावीक उष्णतेत आणि ओलाव्यात विघटित होतं. उकिरड्यावर किंवा चारीत पडून ते विरघळेल अशी हमी पाकिटावर शोधून दाखवा. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ म्हणायचं असेल तर पुरावा द्या, असं त्यात आहे. हे हत्यार वापरायला हवं. मातकट पाकिटावर नुसतीच पानं दिसली, तपशील दिसला नाही, तर फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करा. दोन मिनिटांचं काम आहे.

मागण्या तीनच आहेत. बिस्किटाच्या पुड्यावर असते तशी, पॅडच्या प्रत्येक पाकिटावर आत काय आहे याची पूर्ण यादी मराठीत असावी, आणि वापरून झाल्यावर हे कुठे जाणार तेही लिहावं. दुसरं, पॅडमधलं प्लास्टिक वेष्टनाच्या प्लास्टिकसारखंच उत्पादकाच्या खात्यावर मोजावं, आणि त्या पैशातून ग्रामपंचायतींना वेगळं संकलन आणि गोळा करणाऱ्यांना हातमोजे, मजुरी, विमा मिळावा. तिसरं, 2016 च्या नियमांत होता तसा ‘किंवा’ कायद्यात नको, तिथे ‘आणि’ हवा. साहित्यही बदला, आणि कचऱ्याची सोयही करा.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. घेऊ ते पॅड घ्या, कप घ्या, कापड घ्या. पण अपराधीपणा विकत घेऊ नका. तो तुमचा नाही. 2013 मध्ये पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायकांनी त्याचा खरा पत्ता शोधून पिशवीवर लिहिलाही होता. पाठवत राहायचं काम आता आपलं.